45 नंबर: जॉनी मेजर्स

(कृष्णधवल चित्रफीत, संथ गतीत)

चेंडूकडे लक्ष ठेवा. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, तो दोन पायांमधून मागे फेकतो. क्वार्टरबॅकच्या हातात देत नाही. थेट चार-पाच यार्ड मागे उभ्या टेलबॅककडे. अमेरिकन फुटबॉलमधली ही जुनी रचना, सिंगल विंग. 1956 पर्यंत बहुतेक कॉलेजांनी ती सोडली होती. टेनेसी विद्यापीठाने सोडली नव्हती, आणि तिथला टेलबॅक होता जॉनी मेजर्स.

या रचनेत टेलबॅकला उसंत नाही. पळायचं त्यानेच, पास द्यायचा त्यानेच. मेजर्स पंटही मारायचे, म्हणजे हातातला चेंडू सोडून लाथेने दूर उडवायचे. सेंटरने मागे फेकलेला चेंडू, म्हणजे स्नॅप, धावण्याच्या दिशेला किंचित पुढे पडावा लागतो. मागे पडला की टेलबॅक थबकतो, आणि त्याला वाट करून देणारे सोबती तोवर निघून गेलेले असतात. कडेला पळतापळता निर्णय घ्यायचा: बचावपटू अंगावर आला तर पास, मागेच थांबला तर धाव.

त्या हंगामात टेनेसीने दहाच्या दहा सामने जिंकले. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मतदानाने दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी मात्र पॉल हॉर्नंगला मिळाली. त्याच्या नोत्र दाम संघाने दोन जिंकले होते, आठ हरले होते. मतदानातले गुण: हॉर्नंग 1,066, मेजर्स 994. हरत्या संघातल्या खेळाडूला ही ट्रॉफी पुन्हा कधी मिळालेली नाही.

मग 1 जानेवारी 1957, न्यू ऑर्लिन्स, शुगर बोल, म्हणजे नियमित हंगामानंतरचा मानाचा सामना. टेनेसी बेलरवर 7-6 ने पुढे. उंचावरून येणारा पंट झेलताना कोपरं शरीराशी हवीत आणि चेंडू छातीशी येईपर्यंत नजर वरच हवी. समोरून धावत येणाऱ्यांकडे ती वळली की घात. मेजर्सच्या हातून चेंडू सुटला. बेलरने तो टेनेसीच्या गोलरेषेपासून 15 यार्डांवर पकडला आणि सामना 13-7 ने नेला.

(रंगीत चित्रफीत: पिट्सबर्ग)

1972 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठ अकरापैकी दहा सामने हरलं होतं. नवे प्रशिक्षक मेजर्स आले आणि शिष्यवृत्त्यांवर कडक मर्यादा येण्याआधी सत्तरहून अधिक नवी मुलं भरती केली. त्यातलाच चेंडू घेऊन धावणारा टोनी डॉरसेट. चौथ्या हंगामात बारा सामने, बारा विजय, राष्ट्रीय विजेतेपद. शेवटचा सामना, जॉर्जियावर 27-3, झाला 1 जानेवारी 1977 ला. पुन्हा न्यू ऑर्लिन्स, पुन्हा शुगर बोल, बरोबर वीस वर्षांनी.

त्यानंतर ते घरी, टेनेसी विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतले. सोळा हंगाम, लीगची तीन विजेतेपदं.

1992 च्या ऑगस्टमध्ये हृदयशस्त्रक्रिया झाली. पहिले तीन सामने सहायक फिलिप फुलमरने सांभाळले आणि जिंकले. मेजर्स परतले, दोन जिंकले, मग लागोपाठ तीन हरले. त्यातले दोन एकेका गुणाने. हंगामाअखेर त्यांना जावं लागलं. विद्यापीठाच्या गावची, नॉक्सव्हिलची माणसं याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

2012 मध्ये विद्यापीठाने 45 नंबर निवृत्त केला. 3 जून 2020 ला, टेनेसी नदीकाठच्या घरी, मेजर्स गेले. वय 85.