दोन पगार आणि एक रिकामा चौकोन

नमस्कार मंडळी! अमेरिकेत नवरा-बायको दोघंही नोकरी करत असाल तर आज जरा कान इकडे द्या, विषय डब्ल्यू-फोरचा आहे, म्हणजे जॉइन होताना एचआर जो फॉर्म भरून घेते आणि आपण न वाचता सही करतो तोच, पगारातून टॅक्स किती कापायचा हे कंपनी त्यावरूनच ठरवते.

आमचंच सांगतो. बायको बरीच वर्षं एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) घरी, मग ईएडी म्हणजे कामाचा परवाना आला, जानेवारी २०२४ ला नोकरी लागली, आम्ही खूश, तिने फोनवरच फॉर्म भरला, मॅरिड फायलिंग जॉइंटली (नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न) वर टिक केलं आणि पुढे सबमिट. माझ्या फॉर्मवरही तेच. पगार दोघांचा वर्षाला ८०-८० हजार डॉलर. पुढच्या वर्षी पाडव्याला, ३० मार्चला, रविवारच होता म्हणून रिटर्न भरायला बसलो, किचनमध्ये श्रीखंड फेटणं चालू (घरीच चक्का बांधा हो, डब्यातलं नुसती साखर असते) आणि स्क्रीनवर आकडा आला, ७,६१८ डॉलर देणं! तीनदा तपासलं. ती हातातला चमचा तसाच धरून म्हणाली, "अहो, दर पगाराला कापत होते ना?"

कापत होते, पण कमी. दोन्ही कंपन्यांना वाटलं घरात एकच पगार, त्यामुळे २९,२०० चं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातली टॅक्स न लागणारी ठरावीक रक्कम) दोन्हीकडे पूर्ण धरलं, १० आणि १२ टक्क्यांचे स्लॅबही दोनदा, मग दोघांचा मिळून टॅक्स कापला ११,२६४ आणि प्रत्यक्षात बसला १८,८८२. कमी कापल्याचा दंड तेवढा वाचला कारण आदल्या वर्षीच्या टॅक्सपेक्षा जास्त कापलेला होता. व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "सून कमवायला लागली म्हणून उलटे पैसे भरायचे?" काय सांगणार तिला.

तर डब्ल्यू-फोरच्या स्टेप २ मधला, घरात दोन नोकऱ्या आहेत हे सांगणारा तो छोटा चौकोन, दोघांच्याही फॉर्मवर टिक करा, परत सांगतो, दोघांच्याही. पगार साधारण सारखे असतील तर एवढंच पुरतं, खूप फरक असेल तर त्याने जास्तच कापतात, तेव्हा आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरचा एस्टिमेटर बघा आणि दर पगारातून कापायची जादा रक्कम फॉर्मच्या ४ सी रकान्यात टाका. मुलांसाठी मिळणारी टॅक्स सूट (क्रेडिट) एकाच फॉर्मवर, ज्याचा पगार जास्त त्याच्या. आणि रिफंड आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनो, ते तुमचेच पैसे, वर्षभर बिनव्याजी सरकारकडे!

फॉर्म वर्षात कधीही बदलता येतो. आम्ही सोमवारीच बदलला, श्रीखंड संपायच्या आत.