टेबलाखालचा पेंटियम

[दृश्य: डीटीपीचं छोटं दुकान. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. टेबलाखाली पिवळट पडलेलं कॅबिनेट.]

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया, निवडणुकीची पत्रकं, सगळं इथूनच छापून जातं. रोजचं काम टेबलावरच्या लॅपटॉपवर होतं. टेबलाखाली मात्र २००३ सालचा पेंटियम ४ संगणक आहे आणि त्याला भंगारात घालायचं नाही, असं दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, बजावून ठेवलंय.

जुन्या सगळ्या पत्रिका युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसायची पद्धत) रुळायच्या आधीच्या फॉन्टांत बसवलेल्या आहेत. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. आणि ते फॉन्टांचं सॉफ्टवेअर चालायला मागच्या प्रिंटर पोर्टात एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच, खोचावा लागतो. लॅपटॉपला तसलं पोर्टच नाही.

या पावसाळ्यात पेंटियमची हार्डडिस्क गेली. फाइली सीडीवर होत्या म्हणून वाचल्या. दुसरी जुनी, आयडीई जोडणीची डिस्क शोधून बसवली, विंडोज एक्सपी टाकलं आणि स्क्रीन उघडला तो असा.

[दृश्य: मॉनिटर. टपोरी अक्षरं, मोजके रंग. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या भागांची यादी, उघडतो. चार पिवळी प्रश्नचिन्हं.]

रंग सोळाच, आवाज बंद. लॅन कार्ड तेवढं चालू झालं, कारण ते रिअलटेक ८१३९, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर, एक्सपीच्या पोटातच असतो. बाकी चौघं बिनड्रायव्हरचे रांगेत उभे: व्हिडिओ कंट्रोलर, मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर. नावं भारदस्त, पण त्यांतून कळत काहीच नाही. पोलीस ठाण्यात 'अनोळखी इसम' लिहितात, त्यातला प्रकार.

मदरबोर्डबरोबर ड्रायव्हरची सीडी आली होती. काका म्हणतात, "असेल इथंच कुठंतरी." वीस वर्षं ती इथंच कुठंतरी आहे.

[दृश्य: कॅबिनेटचं झाकण निघतं. ब्रशनं धूळ. बोर्डावरच्या छापील अक्षरांवर कॅमेरा थांबतो.]

काकांच्या भाच्याचं म्हणणं, बोर्डावरच नंबर लिहिलाय, तो टाकून शोधू. नंबर खरंच आहे, ठळक छापलेला: ई२१०८८२. इंटेलच्या कित्येक बोर्डांवर तो आहे, आणि आपल्याकडं कित्येकांनी तो मॉडेल नंबर समजून ड्रायव्हर शोधलेत. तो मॉडेल नंबर नाही. यूएल या अमेरिकन सुरक्षा चाचणी संस्थेकडं सर्किट बोर्डाची जी नोंद असते, तिचा तो क्रमांक. एकाच क्रमांकाखाली कितीतरी वेगवेगळे बोर्ड निघालेत. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा ९४व्ही-० असतं. ते तर बोर्डाचं प्लास्टिक पेटलं तर किती लवकर आपोआप विझतं, त्याची प्रतवारी आहे. आगीचा दाखला घेऊन ड्रायव्हर कसा सापडणार?

इंटेलच्या बोर्डाची खरी ओळख एका छोट्या पांढऱ्या पट्टीवर असते. 'एए'नं सुरू होणारा नंबर. या बोर्डावर ती पट्टी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी बहुधा कुठल्यातरी मेकॅनिकच्या नखात गेली.

मग प्रत्येक चिपलाच तिचं नाव विचारायचं.

[दृश्य: ऑडिओ कंट्रोलरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सचा टॅब. एक लांबलचक ओळ.]

ही ओळ बघून माणसं घाबरतात आणि खिडकी बंद करतात. बंद करू नका. पीसीआय (भाग बोर्डाला जोडायची पद्धत), मग व्हेन ८०८६, मग डेव्ह २४सी५. 'व्हेन' म्हणजे व्हेंडर, चिप बनवणारा. 'डेव्ह' म्हणजे डिव्हाइस, त्याची नेमकी कोणती चिप. दोन्ही आकडे चार-चार घरांचे, शून्य ते नऊ आणि पुढं ए ते एफ अशा सोळाच्या हिशेबात लिहिलेले. बनवणाऱ्याचा आकडा पीसीआय-सिग ही संस्था देते. रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई, व्हायाचा ११०६. इंटेलनं घेतलेला आकडा मात्र हौशी आहे: ८०८६. हा त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा नंबर. गाडीला आवडीचा नंबर घेतात ना, तसा.

आकडा चिपमध्येच कोरलेला असतो. विंडोज बदला, डिस्क बदला, स्टिकर फाडा, तो तिथंच राहतो. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (डिस्कवर काही न बसवता) मशीन चालू करून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली तरी तोच आकडा दिसतो, आणि बाजूला चिपचं नावही. पीसीआयच्या आधीच्या आयसा पद्धतीच्या कार्डांना ही सोय नव्हती. तिथं जंपर (पिनांवर हातानं लावायच्या बारीक टोप्या), एफसीसी या अमेरिकन संस्थेचा छापील नंबर आणि नशीब.

आता चौघांना ओळखू. व्हिडिओचा आकडा २५६२, म्हणजे इंटेल ८४५जी चिपसेटमधलंच (बोर्डावरच्या मुख्य चिपांमधलंच) ग्राफिक्स. इंटेलनं त्याचं नाव 'एक्स्ट्रीम ग्राफिक्स' ठेवलं होतं. २००२ साली कुणाला ते एक्स्ट्रीम वाटलं असेल, देव जाणे. एसएम बसचा २४सी३. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, चिपसेटचं आयएनएफ पॅकेज (विंडोजला चिपांची ओळख करून देणाऱ्या फाइली) टाकलं की प्रश्नचिन्ह जातं. ते सगळ्यांत आधी टाकायचं. चौथ्याचा व्हेंडर १४एफ१, कोनेक्सॅंट. म्हणजे डायलअप मोडेमचं कार्ड.

ऑडिओचं प्रकरण मात्र नीट बघू, कारण निम्मी माणसं इथंच अडकतात.

[दृश्य: टॉर्च, भिंग. मागच्या ऑडिओ जॅकांच्या जवळची करंगळीच्या नखाएवढी चौकोनी चिप.]

२४सी५ हा आकडा बरोबर आहे, पण अर्धवट. एसी-९७ नावाच्या त्या काळच्या पद्धतीत आवाजाचं काम दोघांत वाटलेलं असे. आकड्यांची देवाणघेवाण करणारा कंट्रोलर इंटेलच्या चिपसेटमध्ये. आणि त्या आकड्यांचा खरा आवाज करणारी कोडेक चिप वेगळी, दुसऱ्याच कंपनीची. कुणी रिअलटेकची लावली, कुणी सी-मीडियाची, कुणी ॲनालॉग डिव्हायसेसची. विंडोजला मात्र सगळीकडं २४सी५च दिसतो. म्हणून तेवढाच आकडा टाकून मिळालेला ड्रायव्हर कधी चालतो, कधी इन्स्टॉल होऊनही गप्प बसतो. भाच्यानं रिअलटेकचा दोनदा टाकून बघितला. दोन्ही वेळा "झालं" असं आलं, आवाज नाही आला.

चिपवर टॉर्च तिरपा धरा, सरळ धरला तर चमक मारते. अठ्ठेचाळीस पायांची चिप, कोपऱ्यात बारीक ठिपका. आणि अक्षरं: एडी १९८१. ॲनालॉग डिव्हायसेस. म्हणजे ड्रायव्हर हवा साउंडमॅक्सचा.

चिप दिसत नसेल तर त्याच लांब ओळीतला 'सबसिस' बघायचा. त्याचे शेवटचे चार आकडे बोर्ड कुणाचा ते सांगतात: १०४३ म्हणजे आसुस, १४५८ म्हणजे गिगाबाइट, १०२८ म्हणजे डेल.

[दृश्य: मोबाइलवर डाउनलोड. ओटीजी पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह पेंटियमच्या मागच्या यूएसबीत.]

ओळख पटली, आता ड्रायव्हर आणायचा. एक्सपीच्या जुन्या ब्राउझरला आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत, त्यामुळे उतरवायचं मोबाइलवर आणि न्यायचं पेनड्राइव्हवर. कंपनीकडं असेलच असं नाही. इंटेलनं जुन्या बोर्डांच्या बायोस (मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हरच्या कितीतरी फाइली नोव्हेंबर २०१९ नंतर स्वतःच्या साइटवरून काढल्या. इंटरनेट आर्काइव्हवर मात्र लोकांनी जुन्या ड्रायव्हर सीडी जशाच्या तशा चढवून ठेवल्यात. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या हिरव्या बटणांना हात लावू नका. ड्रायव्हर मिळो न मिळो, बाकी बरंच काही मिळतं.

टाकण्याआधी एक तपासणी. झिप उघडा. आत 'आयएनएफ' शेपटीची फाइल असते. ती साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. कंट्रोल-एफ दाबा आणि २५६२ शोधा.

[दृश्य: नोटपॅड. शोध. निळ्या पट्टीत उजळलेली ओळ: व्हेन ८०८६, डेव्ह २५६२.]

हा आकडा त्या यादीत असेल तर ड्रायव्हर आपला. नसेल तर पानावर कितीही मोठं '८४५' लिहिलेलं असो, ठेवून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि रात्रभराचे रीस्टार्ट वाचतात.

चिपसेट, रीस्टार्ट. व्हिडिओ, रीस्टार्ट. स्क्रीन एकदम मोठा झाला, रंग आले. मग साउंडमॅक्स. स्पीकर जोडलेलेच होते, आवाजाचं बटण पूर्ण फिरवून ठेवलंय हे कुणाच्या लक्षात नव्हतं. एक्सपीची सुरुवातीची धून एवढ्या जोरात वाजली की बाहेर झेरॉक्सला थांबलेली बाई आत डोकावली.

[दृश्य: काका डोंगल खोचतात. सीडी आत जाते. २००६ सालची एक पत्रिका उघडते. वर गणपती, खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'.]

काकांनी ड्रायव्हरच्या फाइली एका सीडीवर घेतल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलं. वर स्केचपेननं चारही आकडे लिहिले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक पिवळं प्रश्नचिन्ह अजून आहे. मोडेमचं. भाचा म्हणाला, "काका, याचा पण शोधू का?"

"कशाला? फोनची वायरच काढून टाकलीय चार वर्षांपूर्वी."