ढिगाऱ्यावरचा साग

(दृश्य: काळपट ढिगारा, उतारावरून घरंगळणारे दगड)

नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यातल्या खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे. खनिजापर्यंत पोचायचं तर वरचा सगळा थर काढून बाजूला ढीग घालावा लागतो. त्यात माती सगळ्यांत आधी निघते, म्हणून ढिगाऱ्यात ती जाते पार तळाशी. वर उरतो नुसता दगडाचा चुरा. त्यात ना कुजलेला पाला, ना नत्र. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, आणि मे महिन्यात त्याच्यावर हात टेकवत नाही.

अशा जागी खड्डे खणून रोपं लावली, तर वनमहोत्सवाचा फोटो तेवढा छान येतो.

(दृश्य: खड्डा भरताना, जवळून)

नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सुरुवात झाडापासून केली नाही. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरतो तो प्रेसमड त्यांनी खड्ड्यात घातला. काळा, भुसभुशीत, आंबूस वासाचा. त्यानं चुऱ्यात ओल धरली आणि जिवाणूंना खायला मिळालं. मग रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा. पहिले दोघे जिवाणू; ते हवेतला नत्र रोपाला मिळवून देतात. मायकोरायझा ही बुरशी. केसाहून बारीक तंतू ती मुळांपासून लांबवर सोडते आणि जिथं मूळ शिरूच शकत नाही अशा फटींतून पाणी आणि स्फुरद ओढून आणते. आमच्या मते या सगळ्या कामातली खरी मजूर तीच.

एवढं झाल्यावर साग, शिसव, कडुनिंब, शिवण, बांबू लावले. ते जगले, पाला गळू लागला, आणि त्या पाल्याची माती होऊ लागली.

(दृश्य: गोवा, लाल डंपवर अकेशियाची रांग)

गोव्यात लोहखनिजाच्या डंपांवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगांवर, वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. तो झपाट्यानं वाढतो, हवेतला नत्रही धरतो, आणि पावसाळ्यात डंप घसरून खालच्या भातशेतीत येऊ नये म्हणून काहीतरी लवकर उगवणारं हवंच होतं. पण त्याची चिवट पानं लवकर कुजत नाहीत, आणि खाली दुसरं फारसं काही वाढत नाही. लांबून हिरवं दिसतं, इतकंच. त्याला रान म्हणायला आमची तरी जीभ रेटत नाही.

आता खाण खोदताना वरची माती वेगळी साठवून पुढे वापरण्याचा नियम आहे. गुमगावचे ढीग जुने. त्यांची माती तळाशी गाडली गेली ती गेलीच; म्हणून तर साखर कारखान्याचा गाळ आणावा लागला.