बखरीतून उभा राहिलेला राजवाडा

(दृश्य : सकाळ. मलेशियातलं मलाक्का शहर, सेंट पॉल टेकडीचा पायथा. खांबांवर उचललेला लांबलचक लाकडी वाडा.)

लांबून वाटतं, हा वाडा पाचशे वर्षं इथंच उभा आहे. खरं तर त्याचं काम सुरू झालं १९८४ साली, आणि १९८६ साली तो लोकांसाठी खुला झाला.

मूळ राजवाडा मलाक्क्याचे सुलतान मन्सूर शाह यांचा. ते १४५९ मध्ये गादीवर आले, आणि दुसऱ्याच वर्षी वीज पडून राजवाडा जळाला, असं सांगतात. लाकडाचाच तो, मागे काय उरणार? उरलं ते ‘सेजाराह मेलायू’ या मलय बखरीतलं वर्णन. बखरकारानं दालनं मोजून ठेवली होती, छपराचं तांबं-जस्तही नोंदवलं होतं. त्या वर्णनावरून हा वाडा पुन्हा घडवला गेला.

(दृश्य : खांब-तुळईचा सांधा, अगदी जवळून.)

इथं लोखंडी खिळा शोधू नका. खाचेत खाच बसवली आहे, वर लाकडी खुंटी ठोकली आहे. छपरावर बोर्निओतल्या बेलियान लाकडाच्या फळ्या, कौलांसारख्या एकावर एक.

(दृश्य : आतलं दालन. दरबाराचा देखावा.)

आता वाडा संग्रहालय आहे. मधोमध सुलतानाचा दरबार मांडलाय. मराठी माणसानं इथं कान उघडे ठेवून फिरावं. राजवाड्याला मलय शब्द ‘इस्ताना’; तो आला संस्कृत ‘आस्थान’वरून. सुलतानाचा मुख्य प्रधान ‘बंदाहारा’. त्यात आपलं भांडागार आहे. आरमाराचा प्रमुख ‘लक्समाना’, म्हणजे थेट रामाचा धाकटा भाऊ! आणि बंदर सांभाळणारा ‘शाहबंदर’. मलाक्क्यात असे चौघे होते. त्यांतला एक फक्त गुजराती व्यापाऱ्यांसाठी, एवढा त्यांचा व्यापार.

(दृश्य : क्रिस, म्हणजे मलय खंजीर, उपसलेले दोन योद्धे.)

या देखाव्यापाशी पावलं थबकतात. मलय आख्यायिकेतले हांग तुआ आणि हांग जेबात, जिवाभावाचे मित्र. तुआवर खोटा आळ आला, सुलतानानं त्याला ठार मारायला सांगितलं. बंदाहारानं त्याला गुपचूप लपवलं. मित्र मेला असं समजून जेबात सुलतानावर उलटला, राजवाडा ताब्यात घेऊन बसला. शेवटी त्याला मारायला सुलतानानं तुआलाच बोलावलं, आणि तुआनं ते केलं. दोघांत खरा कोण, यावर मलय माणसं अजून हिरिरीनं वाद घालतात. माझं मन जेबातकडे झुकतं.

(दृश्य : वाड्याबाहेर, काळवंडलेला दगडी दरवाजा.)

१५१० मध्ये गोवा घेणारा पोर्तुगीज आल्बुकर्क पुढच्याच वर्षी इथं आला. मलाक्का पडलं. मशिदींचे, सुलतानांच्या कबरींचे दगड काढून पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. पुढं इंग्रजांनी तोही पाडला. हा एक दरवाजा तेवढा राहिला, वाड्यापासून चार पावलांवर.