पुसलेल्या पानांची उरलेली प्रत

नमस्कार श्रोतेहो. एखादं पान पाहून तुम्ही ते बंद करता, हिस्ट्रीतून त्याची नोंदही काढून टाकता आणि निश्चिंत होता. पण त्या पानावरची चित्रं, त्याची मांडणी ठरवणाऱ्या फायली, कधीकधी मजकूरसुद्धा तुमच्याच यंत्रात मागे राहिलेला असतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. कुकीबद्दल, म्हणजे पाहुणा ओळखण्यासाठी संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं त्या छोट्या नोंदीबद्दल, आपण पुष्कळ ऐकतो. कॅशेचं नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

मूळ हेतू चांगलाच आहे. एकच चित्र दर भेटीला नव्यानं मागवायचं तर वेळ जातो, डेटा खर्च होतो. म्हणून ब्राउझर त्याची प्रत ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच दाखवतो. प्रत किती काळ वापरायची हे बहुधा संकेतस्थळच कळवतं. ती मुदत काही मिनिटांची असते, कधी वर्षभराचीही. आपल्याला कुणी विचारत नाही. मला हेच खटकतं: यंत्र आपलं, जागा आपली, आणि तिथं काय राहील ते ठरवणार दुसरं कुणीतरी.

इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझर ज्यांनी वापरला असेल त्यांच्या संगणकावर इंडेक्स डॉट डॅट नावाच्या फायली होत्या. कोणते पत्ते उघडले, कोणत्या प्रती साठवल्या, याची नोंद त्यांत असे. विंडोज चालू असताना त्या वापरात असल्यामुळे साध्या पद्धतीनं काढता येत नसत, आणि हिस्ट्री पुसल्यावरही जुन्या नोंदी त्यांत सापडत. संगणकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना त्या फार उपयोगी पडल्या. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या आहेत हेही माहीत नव्हतं. शिवाय हार्ड डिस्कवरून फाइल काढणं म्हणजे ती जागा मोकळी आहे अशी नोंद होणं. तिथं नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं परत मिळवता येऊ शकतं.

इथवर धोका होता तो यंत्र हाताशी असणाऱ्याचा. पण श्रोतेहो, दूर बसलेलं संकेतस्थळही तुमच्या कॅशेला प्रश्न विचारू शकतं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी २००० साली हे मांडून दाखवलं. तुम्ही एका स्थळावर आहात असं समजा. त्या पानानं गुपचूप दुसऱ्याच स्थळावरचं एक चित्र मागवलं. ते क्षणार्धात आलं तर ते आधीच तुमच्या यंत्रात होतं, म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या स्थळावर जाऊन आला आहात. वेळ लागला तर बहुधा गेला नव्हता. एकही फाइल न वाचता, फक्त वेळ मोजून उत्तर मिळालं! आता ते दुसरं स्थळ एखाद्या आजाराविषयीचं असेल तर? तुम्ही घरातही कुणाला सांगितलं नसेल ते एका अनोळखी पानाला कळलेलं असतं.

दुसरी युक्ती ओळख पटवण्याची. फाइल पाठवताना सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाचा संगणक, तिच्यासोबत एक खूण देतो, ईटॅग नावाची. पुढच्या भेटीत ब्राउझर ती खूण परत पाठवून विचारतो, ‘फाइल बदलली का?’ प्रत्येक पाहुण्याला वेगळी खूण दिली की ती कुकीचंच काम करते, आणि कुकी पुसल्या तरी कॅशेत शाबूत राहते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हुलू या व्हिडिओंच्या स्थळावर, पाहुण्यांच्या भेटींची नोंद ठेवणाऱ्या किसमेट्रिक्स कंपनीच्या सेवेमार्फत, नेमकं हेच चालल्याचं उघड केलं. लोकांनी कुकी पुसल्या होत्या, म्हणजे ‘मला ओळखू नका’ असं स्पष्ट सांगितलं होतं. तरीही त्यांना ओळखलं गेलं. याला मी फसवणूकच म्हणेन.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक स्थळाचा कॅशे वेगळ्या कप्प्यात ठेवणं, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या प्रती चाचपता येत नाहीत. सफारी या ब्राउझरनं ही वाट २०१३ च्या सुमारास धरली. क्रोमनं २०२० च्या अखेरीस आणि फायरफॉक्सनं जानेवारी २०२१ मध्ये. फेल्टन-श्नायडर यांच्या इशाऱ्यानंतर वीस वर्षांनी! आणि त्याच २०२१ साली इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो इथल्या संशोधकांनी दाखवलं, की टॅबवर दिसणारी चिमुकली चिन्हं काही ब्राउझर वेगळ्याच साठ्यात ठेवत होते. बाकीचा कॅशे पुसला तरी तो साठा तसाच राहायचा, आणि त्यातूनही माणूस ओळखता येत होता.

मग आपण काय करायचं? ब्राउझर अद्ययावत ठेवा, कारण हे कप्पे नव्या आवृत्त्यांतच आहेत. साठा पुसताना कालावधी नीट पाहा. तिथं बरेचदा फक्त शेवटचा तास निवडलेला असतो. कॅशेच्या पर्यायावर खूण आहे का तेही पाहा. दुसऱ्याच्या संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा आणि काम झालं की ती बंद करा, पण तिथं डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते, ती आठवणीनं वेगळी काढा.

आणखी एक तपासणी स्वतःच्याच संगणकावर करता येईल. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या स्थळावरून लॉग-आउट करा आणि मागे जाण्याचं बटण दाबा. तुमची माहिती पुन्हा पडद्यावर दिसली, तर त्या संस्थेला लिहून कळवा. पानाची प्रत ठेवू नको असं ब्राउझरला सांगणारी ‘नो-स्टोअर’ नावाची सूचना त्यांना त्या पानासोबत पाठवता येते, आणि ती पाठवणं हे त्यांचं काम आहे.