गुऱ्हाळावर शिजलेला क्रीम एलचा रस

(दृश्य: करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा उसाचा रस, बाजूला गॅसच्या शेगडीवर स्टीलचं पातेलं.)

मंडळी, मोठ्या काहिलीत काय उकळतंय ते कोल्हापूरकराला सांगायला नको, पण शेजारी शेगडीवर जे छोटं पातेलं दिसतंय ना, त्यात जव आणि मका आहे, आणि आज सगळा विषय त्या पातेल्याचा आहे. आमचा आतेभाऊ, म्हणजे दादा, अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटीला असतो, तिथं घराच्या तळघरात तो स्वतः बिअर बनवतो, आणि बनवतो ती एकदम साधी, हलकी, फिकट पिवळी क्रीम एल. डिसेंबरच्या सुट्टीला गावी आलाय, आम्ही म्हटलं बाबा इथंच दाखव की धान्यापासून सुरुवात कशी करतोस ते.

आता कायद्याचं आधी बोलून घेऊ. आपल्याकडं 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्स नसताना घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती एक बाटली का असेना. म्हणून इथं आम्ही फक्त धान्याचा गोड रस काढून दाखवणार, त्यात दारूचा थेंब नसतो, आणि तो आजच पिऊन संपवणार. यीस्ट, म्हणजे साखर खाऊन दारू करणारी बुरशी, ती टाकण्यापासून पुढचं सगळं दादानं तिकडं तळघरात शूट केलंय ते बघू. तिकडंसुद्धा ही मोकळीक सहज मिळालेली नाही बरं का, 1920 ते 1933 अख्ख्या देशात दारूबंदी होती, ती उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली पण बिअर राहूनच गेली, ती मिळाली थेट 1978 मध्ये, 14 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा. वर्षाला एका प्रौढ माणसाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर, तेही फक्त घरच्यासाठी, विकायची नाही. राज्यांचे कायदे परत वेगळे, मिसिसिपी आणि अलाबामात तर 2013 पर्यंत वाट बघावी लागली.

(दृश्य: सिनसिनाटीच्या जुन्या विटांच्या इमारती, दादाच्या मोबाईलवरचं शूटिंग)

ही बिअर आली कुठनं ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक अमेरिकेत आले आणि सोबत लागर नावाची बिअर आणली, स्वच्छ, हलकी, फेसाळ, पण थंडीत आठवडेच्या आठवडे ठेवावी लागणारी. लोकांना ती आवडली आणि तिकडच्या पूर्वेकडच्या जुन्या एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, बनवणाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. मग त्यांनी आपलंच यीस्ट, जे जरा उबेत काम करतं, ते वापरून लागरसारखी हलकी बिअर काढली, तीच क्रीम एल. दूध, साय असलं यात काही नसतं. सिनसिनाटीत 1958 साली लिटल किंग्ज नावाची क्रीम एल निघाली, छोट्या हिरव्या बाटलीत, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची जेनेसी क्रीम एल 1960 ची, तिकडच्या जुन्या माणसांना दोन्ही नावं पाठ आहेत.

आणि यात मका का घालतात, तर खरं कारण स्वस्ताई एवढंच नाही. अमेरिकेतलं कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेलं जव असतं त्यात प्रोटीन जास्त, नुसत्या त्याच जवाची बिअर जड आणि गढूळ व्हायची. मक्याचं प्रोटीन बिअरमध्ये फारसं उतरत नाही, स्टार्च मात्र भरपूर, त्यामुळं मका घातला की बिअर पातळ, स्वच्छ आणि जिभेवर हलकी होते. आपण ज्या मक्याकडं जनावराचा चारा म्हणून बघतो त्याचं हे काम आहे, आणि मला विचाराल तर नुसती साखर ओतून बिअर हलकी करण्यापेक्षा मका घातलेला कधीही बरा, साखरेनं नुसतीच पातळ होते, मक्यानं थोडा गोडसर वास राहतो.

(दृश्य: लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान, पोत्यात मक्याचे पोहे)

तिकडं दादा वापरतो ते वाफवून लाटलेले मक्याचे फ्लेक्स, आणि इथं लक्ष्मीपुरीत त्याला पाच मिनिटांत तेच मिळाले, चिवड्याचे मक्याचे पोहे. फक्त साधे घ्यायचे, न तळलेले, मीठमसाला नसलेले, कारण तेलाचा अंश गेला तर बिअरवरचा फेस टिकत नाही. जवाचा माल्ट ऑनलाइन मागवला, राजस्थान-हरियाणात जव भरपूर पिकतं. माल्ट म्हणजे जव भिजवून मोड आणायचे आणि मोड जास्त वाढायच्या आत भट्टीत सुकवून थांबवायचे. मोड येताना दाण्यात एन्झाइम, म्हणजे स्टार्च तोडून साखर करणारे घटक, तयार होतात, पुढचं सगळं काम तेच करणार. 20 लिटर बिअरला दादाचं माप साडेतीन किलो माल्ट आणि 800 ग्रॅम मका, आज आम्ही छोटं पातेलं घेतलंय म्हणून त्याच्या पावपट.

माल्ट गिरणीत दळायचा नाही, भरडायचा. घरातल्या जुन्या जात्यावर भरडला, दाणा फुटला पाहिजे पण टरफल अख्खं राहिलं पाहिजे, कारण नंतर रस गाळताना तेच टरफल गाळणीचं काम करतं. पीठ झालं तर सगळं चिकटून बसतं आणि रस खाली उतरतच नाही.

(दृश्य: थर्मामीटर पाण्यात, जवळून. काटा 72 वर.)

आता इथनं पुढं नीट बघा, कारण माझ्या मते सगळी क्रीम एल या एका तासात ठरते. किलोला तीन लिटर या हिशोबानं पाणी 72 डिग्रीपर्यंत तापवलं, त्यात भरडा आणि मक्याचे पोहे घालून ढवळलं, धान्य गार असतं त्यामुळं तापमान उतरून 65-66 वर येतं, आणि तिथंच तासभर धरून ठेवायचं. दाण्यातले दोन एन्झाइम कामाला लागतात, एकाला 60 ते 65 मानवतं, तो स्टार्चच्या साखळीचं टोक तोडत तोडत माल्टोज नावाची साखर काढतो, दुसऱ्याला 70 च्या आसपास आवडतं, तो साखळी मधेच कुठंही तोडतो आणि मोठे तुकडे ठेवतो, ते यीस्टला खाता येत नाहीत. म्हणजे 65 ला धरलं की बिअर कोरडी आणि हलकी, 70 ला गेलं की अंगानं जड आणि गोडूस. पाच डिग्रीचा खेळ. उकळत्या पाण्यात टाकलं तर एन्झाइम मरतात आणि हातात राहते नुसती लापशी.

आमच्या गुऱ्हाळाचे गुळवे मामा काहील सोडून इकडं येऊन उभे राहिले. उभ्या जन्मात त्यांनी थर्मामीटर लावलेला नाही, गूळ उतरवायची वेळ ते गरम पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून ठरवतात. दादा शेगडी बारीक-मोठी करत होता, मामा म्हणाले, "आरं जाळ बंद कर की, भांडं गोधडीत गुंडाळ, गरमी कुठं पळून जात्या?" आणि खरं सांगतो, तिकडं दादा नेमकं हेच करतो, जाड भिंतीच्या आइसबॉक्समध्ये धान्य घालून झाकण लावून ठेवतो, तासाभरात एखादा डिग्री उतरतो फक्त. मग काय, गोधडी आली.

(दृश्य: पांढरी बशी, रसाचे दोन थेंब, त्यावर आयोडीन)

हे जवळून बघण्यासारखं आहे. सुरुवातीला काढलेला रसाचा थेंब बशीत ठेवून त्यावर आयोडीन टाकलं की तो काळा-निळा पडतो, म्हणजे स्टार्च अजून आहे. तासाभरानं तोच प्रयोग केला तर आयोडीन आपल्या तांबूस रंगाचंच राहतं, म्हणजे स्टार्च संपला, साखर झाली. बशीतलं ते टाकून द्यायचं, परत भांड्यात ओतायचं नाही. पातेल्यातला रस मामांनी चमच्यानं चाखला आणि एकदम वर बघितलं, "हे तर गोड हाय की रं! साखर कवा घातलीस?"

"घातलीच नाही मामा, धान्यातनंच निघाली."

मामा परत चमचा घेऊन गेले.

मग पहिला गढूळ रस परत वरनं धान्यावर ओतायचा, स्वच्छ उतरेपर्यंत, आणि उरलेली साखर 75 डिग्रीच्या पाण्यानं सावकाश धुऊन घ्यायची. पाणी याच्यापेक्षा फार तापवू नका, टरफलातला तुरटपणा उतरतो. किती साखर निघाली याचा हिशोब आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला लागत नाही, कारखान्यात उसाचं जसं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, आणि रिकव्हरी बघतात तसंच इथं आहे, ब्रिक्सचा तोच रिफ्रॅक्टोमीटर चालतो. चांगल्या उसाचा रस 18-20 दाखवतो, क्रीम एलचा रस उकळून झाल्यावर 12 च्या आसपास. धान्यातनं जेवढी साखर निघू शकते त्यातली 72 टक्के दादा काढतो, घरच्या भांड्यांवर ही रिकव्हरी चांगलीच म्हणायची.

उकळी मात्र गुऱ्हाळासारखीच, झाकण न ठेवता, चांगली तासभर, फिकट माल्ट असला तर दीड तास. झाकण ठेवलं तर जवातनं निघणारा एक गंधकाचा वास आतच कोंडतो आणि बिअरला शिजवलेल्या कणसाचा वास येतो. मामा रसात भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, तिकडं शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ घालतात, त्यानं प्रोटीन एकत्र होऊन तळाला बसतं. वर का खाली एवढाच फरक, रस नितळ करायची धडपड दोन्हीकडं सारखी. याच उकळीत हॉप्स पडतात, वेलीची फुलं असतात ती, आपल्याकडं हिमाचलात लाहौलला पिकतात. क्रीम एलला अगदी कमी लागतात, 20 लिटरला 20 ग्रॅम सुरुवातीला आणि चिमूटभर शेवटी, कडूपणा फक्त गोडी मोडण्यापुरता. आम्ही इथं हॉप्स न घालता रस उतरवला आणि सगळ्यांनी कोमट कोमट पिऊन टाकला, पोरांनी तर परत मागितला.

(दृश्य: सिनसिनाटीचं तळघर, तांब्याची कॉइल, पांढरी बादली)

इथनं पुढं तळघर. उकळलेला रस तांब्याच्या कॉइलमधनं गार पाणी फिरवून अर्ध्या तासात 18 डिग्रीपर्यंत आणतात, आणि या क्षणापासून रसाला जे जे लागणार ते सगळं सॅनिटायझरमधनं काढलेलं पाहिजे, बादली, नळी, चमचा, कात्रीसुद्धा, कारण यीस्टचं पाकीट त्याच कात्रीनं फोडायचं असतं. दादा वापरतो ते कोरडं एल यीस्ट, यूएस-05, साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट 20 लिटरला पुरतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही सुरुवातीलाच काढून घेतो, नाहीतर बिअरला दवाखान्यासारखा वास मारतो.

आणि हे सगळं एवढं जपायचं कारण एकच, क्रीम एलमध्ये काही लपत नाही. काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या धान्याचा कडकपणा असतो, आयपीए नावाच्या कडू बिअरमध्ये हॉप्सचा मारा असतो, थोडं इकडंतिकडं झालं तर चालून जातं. इथं यीस्टला जरा उकाडा झाला तरी केळ्या-सफरचंदाचा वास येतो, अजून तापलं तर घशाला झोंबते. म्हणून 16 ते 18 डिग्री, आणि ते बादलीच्या आतलं, खोलीतलं नाही, कारण यीस्ट जोरात असताना आतला माल खोलीपेक्षा तीन-चार डिग्री जास्त तापतो. दादा हिवाळ्यातच करतो, तळघर आपोआप थंड असतं. जे लोक म्हणतात हलकी बिअर म्हणजे सोपी बिअर, त्यांनी एकदा ही करून बघावी, आमच्या दादाइतका काटेकोर माणूस मी गुळव्या मामांशिवाय दुसरा बघितलेला नाही.

दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात, शेवटचे दोन दिवस बादली 20 डिग्रीला आणली की लोण्यासारखा वास असला तर यीस्ट तोही खाऊन टाकतं, मग दोन-तीन आठवडे जवळजवळ शून्याला, फ्रीजमध्ये. पाण्याची घनता 1 धरली तर रसाची 1.047 वरनं 1.009 पर्यंत उतरते, म्हणजे साधारण 5 टक्के अल्कोहोल. बाटलीत भरताना 20 लिटरला 130 ग्रॅम साखर, त्याच साखरेवर बाटलीत गॅस धरतो, माप वजनकाट्यावरच, अंदाजानं नाही, साखर जास्त झाली तर काच फुटते आणि माणूस जखमी होतो.

(दृश्य: ग्लास, फिकट पिवळी बिअर, वर पांढरा फेस)

हे शूटिंग गुऱ्हाळावर बसून मामांना मोबाईलवर दाखवलं. मामांनी बिअरबद्दल काही विचारलं नाही, विचारलं ते मक्याबद्दल, "पोहं कशाला इकत आणायचं? घरचा मका भरडून चालत न्हाई व्हय?"

चालतो, पण आधी शिजवावा लागतो. कच्च्या मक्याचा स्टार्च फुलायला 70 च्या वर तापमान लागतं, आणि जवाचे एन्झाइम 65 ला काम करतात, दोघांची गाठ पडत नाही. पोहे आधीच वाफवलेले असतात म्हणून ते थेट चालतात. मक्याच्या भरड्यात मूठभर माल्ट घालून 70 डिग्रीला वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे फार घट्ट होत नाही, मग अर्धा तास उकळायचं, सारखं ढवळत, नाहीतर बुडाला लागतं, आणि ती गरम लापशी मुख्य भांड्यात ओतली की तिथलं तापमानही वर चढतं. जुने अमेरिकन ब्रुअर असंच करायचे. दादानं ते वहीत लिहून घेतलं, पुढच्या हिवाळ्यात पोहे बंद, भरडा करून बघणार म्हणतोय.