फॉर्मच्या मागे

[बसस्थानकाशेजारचं महा-ई-सेवा केंद्र. शटर अर्धं वर.]

मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. जूनचा शेवट. सकाळचे साडेसहा, आणि शेतावर असायचा तो बाप इथं शटरबाहेर उभा. केंद्रवाला दादा काल म्हणाला होता, "काका, सकाळी या. दहानंतर सर्व्हरचं काही खरं नसतं."

मुलगी खुर्चीच्या कडेला टेकलीय. मांडीवर कागदांची प्लास्टिकची फाइल. माझं नाव नको, एवढं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सीईटी झाली, पर्सेंटाइल हाती आलं. आता इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांचा फॉर्म.

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांच्या नावाला एका कागदावर 'राव' लागलाय, दुसऱ्यावर नाही. दादा फोटो कापतो, केबी कमी करतो, पुन्हा चढवतो. पडद्यावर चक्र फिरत राहतं. मग एकदाचं 'सबमिट'. प्रिंटरमधून पावती येते, बाप तिची चार घड्यांची पुडी करून वरच्या खिशात ठेवतो.

"झालं का मग?"

"आता कुठं सुरू झालं, काका."

[मुलीच्या हातातला मोबाइल. काच तडकलेली.]

फॉर्म भरला की सुटलो, असं वाटणारे पालक आम्हाला महिनाभर भेटत राहिले. फॉर्म कुठं अडतो ते बहुतेकांना मेसेज आल्यावर कळतं. मेसेज वाचला तर.

तिला तो तिसऱ्या दिवशी आला. ई-स्क्रूटनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, अर्ज परत. नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे घर सधन गटात मोडत नाही या दाखल्याची, मुदत संपलेली. हे प्रमाणपत्र येत्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. नवं काढलेलं होतं, प्रांत कार्यालयातून आलंही होतं. चढवलं गेलं जुनं. फाइलमध्ये दोन्ही एकाखाली एक, रंग तोच, शिक्का तोच. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. तो मेसेज तसाच राहिला असता, तर ओबीसीतून अर्ज भरलेल्या या मुलीचं आरक्षण अडचणीत आलं असतं. तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर हरकतीला मोजके दिवस मिळतात, पण यादी लागलीय हे आधी बघायला तर हवं.

[जिल्हा परिषदेची शाळा. लोखंडी कपाट. पाऊस.]

खरी धावपळ मात्र व्हॅलिडिटीची. जातीचा दाखला असणं वेगळं आणि पडताळणी समितीनं तो तपासून वैध ठरवणं वेगळं. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदाच आहे तसा. बारावी सायन्सला असतानाच टाका, असं कॉलेजं घसा कोरडा होईस्तोवर सांगतात. ऐकतं कोण! हिनं एप्रिलमध्ये टाकली. तात्पुरतं काम पावतीवर भागलं, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत द्यावंच लागतं.

जुलैत समितीनं त्रुटी काढली. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांची शाळा ऐंशीच्या दशकातली. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, ढोरं राखली. मग आजीला आठवलं, धाकटे चुलत आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते.

मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढलं. बांधणी सुटलेली, पानांच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तासभर बोट फिरत होतं ओळींवरून. १९५८. निळ्या शाईत मुलाचं नाव, बापाचं नाव, जातीचा रकाना भरलेला. आडनावाची जागा कोरी.

बाप त्या कोऱ्या जागेकडं बराच वेळ बघत राहिला. "तवा कुणी इचारतच नव्हतं, सर."

सरांनी प्रवेश-निर्गम उतारा लिहून दिला, जसाच्या तसा, कोरी जागा कोरीच ठेवून. त्याला वंशावळीचं शपथपत्र जोडलं, आणि बाप-लेक दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात. टपालाच्या खिडकीतून पोच घेतली. खिसा आता फुगलेला.

[वही. बोटाखाली इंग्रजी अक्षरांचे कोड.]

कटऑफच्या याद्या वाचायला ती स्वतःच शिकली. 'जीओबीसीएच' म्हणजे ओबीसीची सर्वसाधारण जागा, आपल्याच विद्यापीठाच्या कोट्यातली. पुढं 'जी'ऐवजी 'एल' आला की मुलींची. शेवटी 'एस' असला की राज्यभरातून भरायची. तिच्या वहीत बेचाळीस ओळी, आणि त्यांचा क्रम चार वेळा खोडलेला. मामाचं म्हणणं कॉम्प्युटर, ती इलेक्ट्रिकलवर अडलेली.

क्रमाला इतकं महत्त्व का? २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर सीट आपोआप फ्रीज. मग पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वर काय लिहायचं नाही, हेही ठरवावं लागतं. कॉम्प्युटर नवव्या ओळीवर गेलं. मामा दोन दिवस बोलला नाही.

पहिल्या फेरीत पाचवा क्रमांक लागला. एक हजार भरून बेटरमेंट घेतली, म्हणजे ही सीट धरून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघायची. ही सीट हातची जाईल का, या प्रश्नानं घरात रात्रभर झोप नाही. जात नाही. वरचं मिळालं तरच जुनं आपोआप सुटतं. दुसऱ्या फेरीत तिसरा क्रमांक लागला. सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल.

फीचं गणित सोपं होतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण प्रवेश कॅपमधून हवा. त्यासाठीही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा अर्ज. दादानं तो न विचारताच उघडला.

[सप्टेंबर. संध्याकाळ. तेच केंद्र.]

कॉलेजनं व्हॅलिडिटीला दिलेली मुदत संपायला सहा दिवस उरलेत. ती होस्टेलवरून रोज फोन करते, बाप रोज केंद्रावर येतो, दादा रोज तोच अर्ज क्रमांक टाकतो. आता पाठ झालाय त्याला.

आज स्टेटस बदललं. दादा काही बोलला नाही, नुसता पडदा वळवला. बापाला चष्म्याशिवाय वाचता येईना, मग त्यानं लेकीला फोन लावून दादाच्या हातात दिला.

"रंगीत काढ दोन," बाप म्हणाला. "आन् लॅमिनेशन कर."

फोनमधून आवाज आला, "लॅमिनेशन नको म्हणा त्यांना!"